वर स्क्रोल करा ना, प्लीज!

रात्रीचे पावणेअकरा. दिवसभर एका कंपनीच्या वार्षिक अहवालाशी कुस्ती खेळून झालेली. पाय टीपॉयवर, हातात मॅगीचा बाउल, पहिला घास तोंडात... आणि 'टिंग'!

'हाय ऑल, मी ग्रुपवर नवीन आहे. ट्रान्स्लेशनला शब्दाला किती रेट घ्यायचा? प्लीज गाइड.'

आईशप्पथ सांगते, मॅगी घशात अडकली. त्या आठवड्यात हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. सोमवारी एकाने विचारला, बुधवारी दुसरीने, आणि आता शुक्रवारी ही. प्रत्येकाच्या मागे तोच 'हाय ऑल', तोच 'प्लीज गाइड', आणि हात जोडलेला तोच इमोजी.

आमचा ग्रुप म्हणजे फ्रीलान्स पत्रकार, अनुवादक, कॉपीरायटर, सबटायटलवाले अशा तीनेकशे लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप कट्टा. ऑफिस नसलेल्यांचं ऑफिस. तुमच्याकडे कॉफी मशीनपाशी जे बोलणं होतं, ते आमच्याकडे इथे होतं. कोणता क्लायंट पैसे बुडवतो, कुठला एडिटर फोनच उचलत नाही, कुठे काम निघालंय. तुमचाही असा एखादा ग्रुप असणारच. टेस्टिंगवाल्यांचा, एचआरवाल्यांचा, आर्टिकलशिप करणाऱ्या सीएंचा. आणि तिथेही महिन्यातून चारदा तेच ते येत असणार. 'फ्रेशरला पॅकेज किती मागायचं?', 'नोटीस पीरियड बायआउट होतो का?', 'कुठला कोर्स करू?'

आमच्याकडचे हिट प्रश्न सांगते. नंबर एक अर्थातच रेट. मग 'टीडीएस कापला, आता ते पैसे गेले का?' (नाही गेले. रिटर्न भरा. तुमचा कर तेवढा बसत नसेल तर परत मिळतात.) मग 'जीएसटी नंबर लागतो का?' (सेवा देणाऱ्यांना साधारणपणे वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की. तुझं पहिलं बिल बावीसशे रुपयांचं आहे बाळा, चिल!) मग 'इनव्हॉइसचा फॉरमॅट आहे का कोणाकडे?' आणि सगळ्यात डोक्याला शॉट देणारा, 'कोणी क्लायंटचे कॉन्टॅक्ट देईल का? अर्जंट.' अर्जंट! म्हणजे आम्ही चार वर्षं चपला झिजवून जमवलेले नंबर हा मुलगा संध्याकाळपर्यंत मागतोय. शिवाय ग्रुपवर आल्या आल्या, नाव न सांगता.

म्हणजे सगळे नवीन लोक बिच्चारे वगैरे असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. काही आळशीच असतात. एका पठ्ठ्याने इनव्हॉइसचा फॉरमॅट मार्चमध्ये मागितला, मी दिला. जूनमध्ये मागितला, पुन्हा दिला. ऑगस्टमध्ये लिहितो, 'फोन फॉरमॅट झाला, परत पाठवाल का?' आणि तीनशे लोकांत उत्तरं देणारे किती? जेमतेम पाच. बाकीचे दोनशे पंच्याण्णव नुसते वाचणार. त्या पाचातली मी एक. फुकट, रात्री पावणेअकराला, मॅगी थंड करून.

तर त्या शुक्रवारी मी टाइप केलं, 'वर स्क्रोल करा ना, प्लीज. सगळं पिन केलेल्या फाइलमध्ये आहे. रोज रोज तेच उत्तर द्यायला इथे कोणी बसलेलं नाही.'

सतरा अंगठे पडले. एक टाळ्यांचा इमोजी. एका काकांनी 'वेल सेड' लिहिलं. खोटं कशाला बोलू, मला जाम भारी वाटलं.

दोन मिनिटांनी तिचं उत्तर आलं. 'सॉरी ताई.' मग ती गप्प.

रविवारी दादाकडे जेवायला गेले होते. दादा सॉफ्टवेअरमध्ये. वरणभात कालवताना मी माझं रडगाणं गायला लागले तर तो म्हणाला, 'तुझा सप्टेंबर सुरू झालाय.' म्हटलं, काय? आत्ता तर जानेवारी आहे. मग त्याने जे सांगितलं ते मला मास कॉमच्या दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

वेब येण्याच्याही आधी, १९८० पासून, युजनेट नावाची एक चीज होती. विषयवार गप्पांचे कट्टे, जगभरच्या विद्यापीठांतल्या कॉम्प्युटर्सवर पसरलेले. तिथले जुने लोक दर सप्टेंबरला वैतागायचे. का? तर अमेरिकेत सप्टेंबरला कॉलेजं सुरू होतात. नव्या बॅचला कॉम्प्युटरचा अ‍ॅक्सेस मिळायचा आणि ती पोरं येऊन तेच ते प्रश्न विचारायची. आपल्याकडे जूनमध्ये एफवायची पोरं कॅन्टीनमध्ये आल्यावर टीवायवाल्यांचे चेहरे कसे होतात, तसंच. पण महिन्याभरात निम्मी पोरं रीतभात शिकायची, उरलेली कंटाळून जायची आणि ऑक्टोबरपासून पुन्हा शांतता. मग १९९३ चा सप्टेंबर आला. त्याच्या आसपास घरोघरच्या गिऱ्हाइकांना ऑनलाइन नेणाऱ्या कंपन्या वाढत होत्या, १९९४ मध्ये अमेरिका ऑनलाइनने आपल्या ग्राहकांना युजनेटचं दार उघडून दिलं, आणि नवखे रोजच यायला लागले. बारा महिने, तीनशे पासष्ट दिवस. जुन्या मंडळींनी त्याला नाव ठेवलं, कधीही न संपलेला सप्टेंबर. (त्या एओएलने ३० सप्टेंबर २०२५ ला आपली डायल-अप सेवा बंद केली तेव्हा दादाच्या ग्रुपवर मेसेज फिरला म्हणे, संपला एकदाचा सप्टेंबर!)

'आणि ते एफएक्यू असतं ना,' दादा म्हणाला, 'तेही ह्याच वैतागातून आलंय.' हेही मला नवीन. १९८० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत नासामधल्या युजीन मिया यांनी अंतराळविषयक चर्चेसाठी अशी वारंवार येणाऱ्या प्रश्नांची यादी करायला घेतली, कारण नवे लोक जुने संदेश काही वाचायचे नाहीत. म्हणजे 'वर स्क्रोल करा' हे वाक्य माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे! प्रोग्रामर लोकांनी तर त्याचा चार अक्षरी मंत्रच केला, आरटीएफएम. म्हणजे आधी मॅन्युअल वाच. मध्ये एक शब्द आहे, तो इथे छापणार नाहीत.

दादा ह्या बाबतीत साधूसंत नव्हे. २००८ मध्ये जोएल स्पॉल्स्की आणि जेफ अ‍ॅटवूड यांनी स्टॅक ओव्हरफ्लो काढलं. प्रोग्रामर मंडळींचं प्रश्नोत्तरांचं ठिकाण. तिथे एखादा प्रश्न आधी कोणी विचारलेला असेल तर त्यावर 'डुप्लिकेट' असा शिक्का मारून तो बंद करता येतो. दादा म्हणाला, नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत तो लंच ब्रेकमध्ये बसून असे प्रश्न हुडकून काढायचा. 'सॉल्लिड किक यायची. आपण जागा स्वच्छ ठेवतोय असं वाटायचं.'

जागा खरंच स्वच्छ राहिली. इतकी, की २०१८ मध्ये कंपनीलाच जाहीरपणे लिहावं लागलं की आपल्याकडे नव्या माणसाचं स्वागत नीट होत नाही, हे बदलायला हवं. गर्दी हळूहळू ओसरायला लागलीच होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आला आणि नव्या प्रश्नांचा आकडा जो घसरला, तो घसरतच गेला. बरोबरच आहे ना. चॅटजीपीटीला तोच प्रश्न शंभरदा विचारा, तो कधी 'वर स्क्रोल कर' म्हणत नाही. अंगठेही दाखवत नाही.

'मग छान की,' मी म्हटलं, 'कटकट गेली.'

दादा म्हणाला, 'हो, पण मी आता तिथे गेलो की बहुतेक जुनीच उत्तरं सापडतात. २०१०, २०१२ ची. ज्या पद्धतीने आज कोणी कोड लिहीत नाही, ती पद्धत सगळ्यात वर, शेकडो मतं घेऊन बसलेली. नवा प्रश्न आला असता तर कोणीतरी नवं उत्तर दिलं असतं. तो आला तेव्हा आम्ही शिक्का मारला.' आणि त्याने ताकाचा ग्लास तोंडाला लावला. मी त्याचं बोलणं फारसं मनावर घेतलं नाही. दादा रविवारी दुपारी असा तत्त्वज्ञ होतोच.

मग जून आला. एका पुस्तकाच्या प्रकाशनाला टिळक स्मारकला गेले होते. बाहेर चहा घेत उभी, तर एक मुलगी जवळ आली. बावीस-तेवीसची असेल. पाठीवर सॅक.

'ताई, तुम्ही फ्रीलान्सवाल्या ग्रुपवर आहात ना? डीपीवरून ओळखलं. ती रेटची फाइल तुम्हीच केलीय ना? खूप उपयोग झाला मला.'

मी फुगले. साहजिकच. कोणी तुमच्या गूगल डॉकचं कौतुक रोज करतं का? विचारलं, मिळालं का मग काम?

'हो! साठ हजार शब्दांचं. एका कंपनीचं ट्रेनिंग मटेरियल होतं. फाइलमध्ये लिहिल्याप्रमाणे मी सत्तर पैसे सांगितले, आणि ते लगेच हो म्हणाले!'

लगेच. फ्रीलान्सिंगमध्ये ह्या शब्दाइतका वाईट शब्द नाही. क्लायंट 'लगेच' हो म्हणाला की समजायचं, आपण गाढवपणा केलाय.

ती फाइल मी केली होती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. सगळ्यांची कामं आटली होती, जो तो मिळेल त्या पैशांत पाट्या टाकत होता, आणि आम्ही सात-आठ जणांनी आपापले तेव्हाचे रेट टाकून ती यादी बनवली होती. सत्तर पैसे हा त्या दिवसांतला मरणाचा रेट. आज आमच्यातलं कोणी दीड रुपयाच्या खाली हात लावत नाही. फाइल मात्र तशीच राहिली. वर पिन लावलेली, त्यामुळे एकदम अधिकृत!

माझ्या तोंडून पुढचा प्रश्न आपोआप निघाला. 'शब्द कुठले मोजले गं? इंग्रजी की मराठी?'

'मराठी. ते म्हणाले, आमच्याकडे असंच असतं.'

आता हे तुम्हाला किरकोळ वाटेल, पण आमच्या धंद्यातली खरी ग्यानबाची मेख इथे आहे. इंग्रजीत 'इन द हाउस' हे तीन शब्द. मराठीत 'घरात', एक शब्द. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात ना! माझ्या अनुभवात हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत आठशे-साडेआठशे होतात. म्हणजे मेहनत हजाराची आणि बिल आठशेचं. म्हणून मूळ मजकुराचे शब्द मोजायचे, हे आम्ही सगळे जाणतो. इतकं जाणतो, की फाइलमध्ये लिहायचं कोणाला सुचलंच नाही.

चहाच्या कपाशी उभ्या उभ्या मी मनात हिशेब केला. मराठी शब्द भरले पन्नास हजार. सत्तर पैशांनी पस्तीस हजार. त्यातून दहा टक्के टीडीएस गेला, हातात साडेएकतीस. आणि मूळ साठ हजार शब्दांना दीड रुपयाने झाले असते नव्वद हजार. ह्या कामासाठी तिने क्लासमधली शिकवण्याची नोकरी सोडली होती. तीन महिने सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, पलंगावर लॅपटॉप ठेवून तिने ते संपवलं होतं.

'छान अनुभव मिळाला,' ती म्हणाली. 'पण पुण्यात परवडत नाही ताई. पुढच्या महिन्यात परत सोलापूरला चाललेय.'

मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही. पण सांगितलं. दीड रुपया, मूळ शब्द, सगळं. ती थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, 'मला वाटलंच होतं, फाइलवर २०२० लिहिलंय म्हणून. त्या कंपनीला सांगायच्या आधी ग्रुपवर परत एकदा विचारणार होते, आता पण हाच रेट आहे का म्हणून. मेसेज टाइप पण केला होता. पण तुम्ही म्हणाला होतात ना, रोज रोज तेच उत्तर द्यायला कोणी बसलेलं नाही.'

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली की ही ती शुक्रवारवाली. बोलण्यात टोमणा बिलकुल नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी आले ती थेट लॅपटॉप उघडला आणि पहिलं काम केलं, त्या फाइलचा पिन काढला. मग ग्रुपवर लिहिलं, 'हाय ऑल, मी ग्रुपवर जुनी आहे. ट्रान्स्लेशनला शब्दाला किती रेट घ्यायचा? प्लीज गाइड.'

पहिल्यांदा लोकांना वाटलं जोक आहे. हसण्याचे इमोजी आले. मग एकाने आकडा टाकला. मग दुसऱ्याने, 'एवढाच?' मग जी काही जुंपली म्हणता! रात्री एकपर्यंत. साठ पैशांपासून तीन रुपयांपर्यंत आकडे आले. एकाच एजन्सीकडून एकीला सव्वा रुपया आणि दुसऱ्याला दोन मिळतायत, हे दोघांनाही तिथेच कळलं. 'वेल सेड' वाल्या काकांनी अखेर कबूल केलं की ते गेली चार वर्षं मराठी शब्दांवरच बिल लावतायत. चार वर्षं! ग्रुपवरचा सगळ्यात सीनियर माणूस. त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही कोणाला नाही, कारण सीनियरने असले बाळबोध प्रश्न विचारायचे नसतात ना.

आणि एक प्रश्न असा निघाला की ज्याचं उत्तर आमच्या फाइलमध्ये असणं शक्यच नव्हतं. मशीनने आधीच करून ठेवलेलं भाषांतर तपासून द्यायचं, त्याचे किती घ्यायचे? क्लायंट म्हणतो, काम तर झालंय, तुम्ही फक्त नजर फिरवा, निम्म्या रेटमध्ये. प्रत्यक्षात ती 'नजर' फिरवताना कधीकधी अख्खं वाक्य नव्याने लिहावं लागतं. ह्यावर एकमत झालं नाही. शब्दावर नको, तासावर घ्या, असं काहींचं म्हणणं. मीही आता तासावर घेते.

एक गोष्ट विकिपीडियावाल्यांची मला फार आवडते. नवख्यांना चावू नका, असा त्यांचा चक्क लेखी संकेत आहे. चावू नका! म्हणजे त्यांच्याकडेही चावरे होते तर. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तिथल्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानाचं नाव आहे 'चावडी'. गावातल्या चावडीवर माणूस आला की लोक आधी 'बस' म्हणतात, मग 'कुठल्या गावचा?' विचारतात. 'कालचं बोलणं ऐकलं नाहीस का' म्हणून कोणी परत पाठवत नाही. निदान मी आजोबांच्या गावी तरी तसं पाहिलं नाही.

अर्थात म्हणून मी काही संत झालेले नाही. तो ऑगस्टवाला पठ्ठ्या चौथ्यांदा फॉरमॅट मागायला आला तर त्याला मी चावणार आहे. पण आता आमच्याकडे एक साधं ठरवलंय. फाइल पिन करायची नाही. रेटचा प्रश्न आला की त्या आठवड्यात ज्याने कोणी बिल पाठवलं असेल त्याने आपला ताजा आकडा टाकायचा. वीस सेकंदांचं काम. लोक करतात का? निम्म्या वेळा.

ती मुलगी सोलापूरला गेली. मी तिला एका एडिटरचा नंबर दिला (हो, कॉन्टॅक्ट दिला, अर्जंट!) आणि आता ती तिथूनच काम करते. मूळ शब्दांवर, एक चाळीसने. दीड मागितले होते, दहा पैसे सोडले म्हणाली. मी ओरडले तिला.

परवा रात्री पुन्हा 'टिंग'! अकोल्याचा कोणी नवा मुलगा. 'हाय ऑल, मी न्यू आहे. शब्दाला रेट किती?' मी म्हटलं, चला, आज आपली पाळी, टाकूया आकडा. टाइप करेपर्यंत तिचं उत्तर पडलंसुद्धा.

'अरे, परवाच झालंय ना हे. जरा वर स्क्रोल कर की!'

पाच अंगठे पडले होते. मी तिला पर्सनलवर फोन लावला.